न ओलांडणाऱ्यांची मोजणी

पुण्यात विद्यापीठ चौकाचा विषय निघाला की गाडी आधी पुलावर जाते. जुने उड्डाणपूल २०२० च्या जुलैमध्ये, लॉकडाऊनमुळे रस्ते ओस होते तेव्हा, पाडले. हिंजवडी ते शिवाजीनगर या २३.३ किलोमीटरच्या मेट्रोला ते आडवे येत होते. मग कित्येक वर्षं पत्रे, चर आणि रोज बदलणारी वळणं. आता खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो असा तीनमजली कारभार आहे. औंधकडून शिवाजीनगरला जाणारी पुलाची बाजू ऑगस्ट २०२५ मध्ये खुली झाली, तेव्हा आमच्या ऑफिसात प्रत्येक जण आपली किती मिनिटं वाचली ते सांगत होता. सांगणारे सगळे गाडीने येणारे होते.

पायी चालणाऱ्याच्या वाट्याला या तीन मजल्यांपैकी तळमजला येतो. गणेशखिंड, सेनापती बापट, पाषाण, बाणेर आणि औंध अशा पाच रस्त्यांच्या गाड्या त्याच तळमजल्यावर एकमेकींत घुसतात. गणेशखिंड रस्ता तर मुळात लाटसाहेबाच्या बंगल्याकडे जाणारा. तो बंगला म्हणजे आजची विद्यापीठाची मुख्य इमारत. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधू रँडच्या बग्गीची वाट बघत याच रस्त्यावर दबा धरून होते. गाड्यांवर डोळा लावून कडेला ताटकळायची परंपरा इथे तशी जुनी आहे म्हणायची.

मी विद्यापीठातल्या एका विभागाच्या कार्यालयात नोकरी करते. बसने येते, म्हणजे दिवसातून एकदा तरी रस्ता ओलांडणं आलंच. पण मी सांगणार आहे ती गोष्ट माझ्या भाचीमुळे घडली. मुक्ता नगररचना शिकते. दिवाळीची सुट्टी संपून वर्ग सुरू झाले आणि त्यांना स्टुडिओचं काम मिळालं : एखाद्या शिक्षणसंस्थेच्या परिसरातला रस्ता घ्या, तिथे पायी चालणाऱ्यांची मोजणी करा आणि ओलांडायची सोय आखून दाखवा. तिच्या गटात मुलं कमी आणि फॉर्म जास्त.

“मावशी, तुला तो रस्ता पाठ आहे. सकाळी एक तास आमच्याबरोबर बस ना,” ती म्हणाली.

“बसून काय करू?”

“रेघा मारायच्या.”

जागा विद्यापीठाच्या भिंतीलगतची आहे, एवढंच सांगते. नेमकं फाटक सांगत नाही, कारण तिथलं काम अजून टेबलावर आहे आणि त्या टेबलामागे बसलेली माणसं आमच्याशी बरी वागलेली आहेत. एका अंगाला फाटक आणि बसथांबा, दुसऱ्या अंगाला झेरॉक्सची दुकानं, खानावळ, औषधांचं दुकान आणि मुलींची दोन-तीन खासगी वसतिगृहं. मधे दुभाजक, दोन्ही बाजूंना तीन-तीन लेन. जवळचा सिग्नल चालत जायला लांब, आणि तिथवर जाणाऱ्या फुटपाथवर डीपी बॉक्स, झाडाचा पार आणि कुणाचं तरी बांधकामाचं साहित्य.

मोजणीचा कागद साधा असतो. तासाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे चार तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यात रकाने : पुरुष, बाई, मूल, म्हातारं माणूस, हातात सामान, एकटं की घोळक्यात. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. गाड्यांसाठी मुलांकडे अंगठ्याने दाबायची खटक्याची यंत्रं होती, पूर्वी बसमध्ये कंडक्टर तिकिटाचा चिमटा खटखटवायचा तसा आवाज यायचा. एक जण दुचाकी, एक जण चारचाकी आणि रिक्षा, एक जण बस आणि ट्रक. मला माणसं दिली, कारण गाड्या मोजताना माझी नजर ठरत नव्हती.

माणसं मोजताना मात्र ठरली. रोज ज्या रस्त्यावरून मी जीव मुठीत धरून जाते तो कडेला खुर्ची टाकून बघताना वेगळाच दिसला. लोक ओलांडतात कसे, हेच मी कधी पाहिलं नव्हतं. सगळ्यात आधी थांबतात ते फुटपाथवर नाही, उतरून दोन पावलं पुढे, गटाराच्या झाकणापाशी. कारण वर उभं राहिलं तर गाडीवाला तुम्हाला ओलांडणारा समजतच नाही. मग मान उजवीकडे. मग हात. तळवा समोर, बोटं किंचित वाकलेली, ‘थांब’ आणि ‘कृपा कर’ यांच्या मधली कुठली तरी खूण. तो हात घेऊन एक लेन, की तिथे थांबा. दोन गाड्यांमध्ये, पट्ट्यावर, अंग चोरून. मग दुसरी लेन. एक बाई भाजीची पिशवी पोटाशी धरून अशी मधल्या पट्ट्यावर उभी होती आणि तिच्या पुढून आणि मागून, दोन्हीकडून, गाड्या चालल्या होत्या. तिच्या पदराचं टोक प्रत्येक गाडीसरशी उडत होतं. तिच्यासाठी मी एक रेघ मारली. सामानाच्या रकान्यात.

मुक्ताने नंतर याचं गणित मांडून दाखवलं. माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरायची पद्धत आहे. साडेतीन मीटरची एक लेन, अशा तीन म्हणजे साडेदहा मीटर. म्हणजे पावणेनऊ सेकंद. आता एका बाजूने तासाला २,००० गाड्या जात असल्या, तर दोन गाड्यांमधलं सरासरी अंतर १.८ सेकंद. पावणेनऊ सेकंदांची फट मागे सिग्नल लाल झाला तरच मिळायची. तोवर थांबायचं, नाहीतर लेन-लेन करत जायचं. म्हणजे तो हात दाखवून जाणारा माणूस बेशिस्त वगैरे काही नसतो, गणितात बसत नसलेला रस्ता तो तुकडे करून सोडवत असतो. आणि हे १.२ मीटर धडधाकट माणसाचं. माझ्या आईला गुडघ्यांमुळे त्याच्या निम्मा वेगही जमत नाही.

मोजणी झाली. आता कागदावर काय येतं बघायचं होतं. इंडियन रोड्स काँग्रेसचं पादचारी सोयींसाठी एक मार्गदर्शक पुस्तक आहे, आयआरसी १०३. चौक सोडून मधेच कुठे नियंत्रित क्रॉसिंग द्यावं, याच्या त्यात अटी आहेत. पहिली अट आकड्याची. गर्दीच्या तासातली माणसं गुणिले त्याच तासातल्या गाड्यांचा वर्ग. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर हे उत्तर दहा कोटींच्या वर गेलं पाहिजे, दुभाजक असेल तर वीस कोटींच्या.

वीस कोटी ऐकून मी हबकले. मुक्ता हसली. “करून तर बघ.” तासाला २,००० गाड्या धरा. वर्ग चाळीस लाख. वीस कोटींना चाळीस लाखांनी भागलं की ५०. पन्नास माणसं ओलांडणारी असली की झालं. गाड्या ४,००० असतील तर तेरा माणसं पुरतात! म्हणजे पुण्यातल्या कुठल्याही वाहत्या रस्त्यावर ही अट चहा पिता पिता पूर्ण होते. हे सूत्र आपल्याकडे ब्रिटनमधून आलं. तिथे १९९० च्या दशकातच त्यांनी नुसत्या या एका आकड्यावर विसंबणं सोडून दिलं. आपण अजून तेच वापरतो, आणि इतकं सोपं असूनही ओलांडायचे झेब्रा पट्टे मिळत नाहीत ते नाहीतच. तेव्हा गोम आकड्यात नसावी असं मला वाटायला लागलं.

बाकीच्या अटींत एक अशी होती की मुक्ता वाचता वाचता गप्प झाली. वर्षात पाच किंवा जास्त पादचारी गाड्यांच्या धडकेने जखमी झाल्याची नोंद असेल, तर क्रॉसिंगची गरज आहे असं समजावं. “म्हणजे आपण पाच जणांची वाट बघायची?” तिच्या गटातला एक मुलगा म्हणाला. मला तो ‘नोंद’ शब्द खटकला होता. चौकात बरीच वर्षं उभ्या राहणाऱ्या एका वाहतूक हवालदारांना विचारलं. ते म्हणाले, “ताई, खरचटलं, पाय मुरगळला, याची नोंद कोण करतं? गाडीवाला पाचशेची नोट काढतो, पोरं कॉलेजला उशीर होतो म्हणून निघून जातात. नोंद होते ती ॲम्ब्युलन्स आली तर.” देशभरात २०२२ मध्ये रस्त्यांवर ३२,८२५ पादचारी मेले, हा सरकारी आकडा आहे, तो मृत्यूंचा आहे म्हणून तरी मोजला गेला. मुरगळलेले पाय कुठल्या वहीत लिहितात, मला माहीत नाही.

मोजणीतली खरी फट कळली ती फाटकापाशी. तिथे रांगेत उभ्या राहणाऱ्या रिक्षांपैकी एका काकांशी माझी ओळख आहे. आम्ही कागद घेऊन काय करतोय ते त्यांनी चांगलं निरखून पाहिलं आणि म्हणाले, “मॅडम, आमची गिऱ्हाइकं मोजली का?”

“तुमची कशाला? ती रिक्षातनं जातात.”

“पलीकडं जातात की! समोरच्या औषधाच्या दुकानात. पुढनं वळून यायचं, मीटर टाकला की पंचवीस.”

मला वाटलं थट्टा करतायत. नव्हते करत. एक तर एमएचा विद्यार्थी, त्याला दिसत नाही, पांढरी काठी घेऊन येतो. तो समोरच्या वसतिगृहाशेजारी खोली घेऊन राहतो. कुणी खांदा द्यायला भेटलं तर बरं, नाहीतर रिक्षा. शिवाय एक प्राध्यापकांच्या सासूबाई, बँकेत पेन्शनला जायच्या. परीक्षेच्या दिवसांत बाहेरगावचे पालक. रस्ता ओलांडायला लोक भाडं भरत होते आणि आमच्या कागदावर त्यांची एकही रेघ नव्हती. उलट रिक्षातून ते वळून आले तेव्हा मुक्ताच्या मित्राने खटका दाबून त्यांना गाड्यांच्या बाजूने मोजलं होतं.

मग आम्ही दुसरा कागद केला. त्यात रेघा नव्हत्या, प्रश्न होते. फाटकातून बाहेर पडणाऱ्याला विचारायचं : पलीकडे तुमचं काम असतं का? असतं तर जाता का? जात नसाल तर मग काय करता? उत्तरं लिहून घेताना माझीच मला गंमत वाटत होती, कारण इतकी वर्षं मी या लोकांबरोबर चहा प्यालेय. मुली म्हणाल्या, समोरची खानावळ स्वस्त आहे पण संध्याकाळनंतर नको, आतल्या कॅंटीनमध्ये जे असेल ते. आमच्याच विभागातली एक सफाई कामगार ताई येताना फाटकासमोरच्या, पलीकडच्या बसथांब्यावर उतरतच नाही. एक थांबा पुढे जाते, तिथे सिग्नल आहे, आणि मागे चालत येते. एक मुलगा वाडीवरून आलेला, पहिल्याच आठवड्यात गाडी अंगावर आली म्हणून घाबरलेला, तो सेमिस्टरभर पलीकडे गेलाच नव्हता. झेरॉक्स मित्राकडून मागवायचा.

मुक्ताच्या सरांना हा दुसरा कागद फारसा रुचला नाही. ठरलेल्या नमुन्यात तो बसत नव्हता, आणि जो माणूस ओलांडतच नाही त्याला कुठल्या तासात धरायचं, हा त्यांचा प्रश्न चुकीचाही नव्हता. शेवटी परिशिष्ट म्हणून जोडायची परवानगी मिळाली. स्टुडिओचं काम तिथे संपलं, मार्क पडले. मुलं पुढच्या कामाला लागली असती, पण मुक्ता म्हणाली की आकडे तर तयार आहेत, अर्ज करून बघू.

इथून पुढचं सगळं दगदगीचं आहे, ते मी भराभर सांगते. अर्ज कुणाकडे द्यायचा, हे ठरवण्यात बराच काळ गेला. रस्ता एकाचा, त्यावरचं चालू काम दुसऱ्याचं, सिग्नल आणि वाहतुकीचं नियोजन तिसऱ्याचं, आणि भिंतीच्या आतली जागा आमच्या विद्यापीठाची. प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांकाचा शिक्का मिळाला. सगळीकडे ‘याची प्रत त्यांनाही द्या’ असं सांगितलं. शिक्के मारलेल्या प्रती मी ऑफिसातल्या जुन्या पंचिंग मशीनने एका फाइलीत लावल्या. सरकारी कामात फाइल जाड झाली की माणसं तुम्हाला खुर्ची देतात, हा नोकरीतला अनुभव.

खुर्ची दिली ती एका अभियंत्यांनी. निवृत्तीला आलेले, टेबलावर काचेखाली गणपतीचा फोटो. त्यांनी आमचे तक्ते खरोखर वाचले. वाचून झाल्यावर म्हणाले, “मॅडम, तुम्ही सगळ्या गाड्या सरसकट धरल्यात. दुचाकी अर्धी धरायची असते.”

वाहतुकीच्या हिशेबात हे बरोबर आहे. रस्त्यावर किती जागा व्यापली याचा हिशेब लावताना कार म्हणजे एक, दुचाकी अर्धी किंवा पाऊण, बस म्हणजे जास्त, असं धरतात. पण वर्गाच्या सूत्रात याने काय होतं बघा. समजा २,४०० गाड्या आहेत आणि त्यांत १,६०० दुचाकी. सरसकट धरल्या तर वीस कोटींचा आकडा गाठायला ३५ माणसं पुरतात. दुचाकी अर्धी धरली की गाड्या उरतात १,६००, आणि माणसं लागतात ७९. रस्ता तोच, धोका तोच, गरज मात्र कागदावर निम्म्याहून खाली.

मुक्ता इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, “सर, दुचाकी अर्धी जागा घेते. पण धडक अर्धी बसत नाही ना.”

साहेबांनी चष्मा काढला. मला वाटलं झालं, आता उठायचं. पण ते म्हणाले, “हे तुझं बरोबर आहे, पण मला ते फाइलीवर लिहिता येणार नाही. तू असं कर, आकड्याची अट पहिली घेऊच नकोस. त्याच्याखाली आहे बघ, थांबायला फार वेळ लागत असेल तर, ती घे. तुझ्याकडे थांबण्याचे सेकंद आहेत ना?” होते. स्टॉपवॉच लावून घेतलेले. “मग ते वर. आणि हे परिशिष्ट,” त्यांनी दुसऱ्या कागदावर बोट ठेवलं, “याला मी कुठला नॉर्म लावू?”

“नॉर्म नाही सर. ही माणसं आहेत.”

“माणसांनाच नॉर्म लावायचा असतो, बेटा,” ते म्हणाले. पण कागद काढून टाका असं म्हणाले नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितलं की वापरण्याजोगे पदपथ हा पादचाऱ्याचा, अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्कातलाच भाग आहे. ते वाक्य मुक्ताने पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत टाकलं होतं. साहेब म्हणाले, ते शेवटच्या पानावर घ्या, पहिल्या पानावर टाकलं की वाचणारा आधीच सावध होतो. पुणे महापालिकेचं २०१६ चं पादचारी धोरणही जोडलं होतं. ते त्यांनी पुढे घ्यायला सांगितलं. आपल्याच घरचा कागद असला की नाही म्हणायला जड जातं, असं त्यांचं मत. (दर ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद करून पादचारी दिन करतात तोही याच शहरात. मी एकदा गेले होते. रस्त्याच्या मधोमध उभं राहून आजूबाजूच्या वाड्यांचे माथे पहिल्यांदा नीट बघितले.)

अधूनमधून कुणीतरी पादचारी पूल सुचवायचं. आमच्याच ऑफिसातले एक जण तर फार आग्रही. त्यांना मी हिशेब करून दिला : रस्त्यावर गाड्यांसाठी साडेपाच मीटर उंची मोकळी ठेवायची, वर पुलाची जाडी, म्हणजे सहा मीटर चढणं. पंधरा सेंटिमीटरची एक पायरी धरली तर चाळीस चढायच्या आणि चाळीस उतरायच्या, समोर दिसणाऱ्या झेरॉक्सच्या दुकानासाठी. ते म्हणाले, लिफ्ट लावा. ऑफिसातली आमची लिफ्ट वर्षातून किती महिने चालू असते हे त्यांना आठवलं असावं, कारण पुढे तो विषय त्यांनी काढला नाही.

परवानगी मिळाली ती चाचणीची. एक सकाळ, वाहतूक पोलीस हजर, सामान आमचं. मुलांनी नारिंगी कोन आणले, शाळेच्या मैदानावर मारतात ती फक्की दोन पोती आणली. पहाटे अंधारातच पट्टे आखले. अर्धा मीटर रुंद पट्टा, अर्धा मीटर मोकळं. दुभाजकात तिथे आधीचीच एक फट होती, लोकांनी लोखंडी जाळी वाकवून केलेली. पट्टे बरोबर तिच्यासमोर घेतले. वळणाच्या कोपऱ्यावर कोन लावून गाड्यांची वाट आवळली, म्हणजे डावीकडे वळणाऱ्याला सुसाट वळता येऊ नये.

आठ वाजता एका आजोबांनी विचारलं, “कुठल्या सीरियलचं शूटिंग?” नऊच्या सुमाराला गर्दी सुरू झाली आणि आम्ही श्वास रोखून उभे. खरं सांगायचं तर नुसत्या फक्कीच्या पट्ट्यांना कुणी धूप घातला नाही. दुचाकीवाले पट्ट्यांवरच येऊन थांबले, तासाभरात फक्की चाकांना लागून पार पुढच्या थांब्यापर्यंत गेली. पण कोनांपाशी गाड्या हळू झाल्या. वाट अरुंद दिसली की पाय आपोआप ब्रेकवर जातो, पाटी वाचून जात नाही. आणि गाड्या हळू झाल्यावर जे झालं ते मला मोजायचंही सुचलं नाही. लोक हात न दाखवता जायला लागले. सगळेच नव्हे, पण फाटकातून बाहेर आलेल्या तीन मुली बोलत बोलत उतरल्या आणि बोलत बोलत पलीकडे गेल्या, मधे वाक्य तोडलं नाही. आमची सफाई कामगार ताई त्या दिवशी फाटकासमोरच्या थांब्यावर उतरली. तिला कुणी सांगितलं होतं देव जाणे.

मुक्ता मला म्हणाली, “मावशी, रेघ!” मी मारली.

पुढे काही आठवड्यांनी एका रात्रीत पट्टे पडले. गरम करून ओततात ते थर्मोप्लास्टिकचे, चकचकीत पांढरे, सकाळी अजून वास येत होता. दुभाजकातली वाकवलेली जाळी कापून नीट वाट केली. गाड्या आत घुसू नयेत म्हणून तिथे खांब लावले, ते इतके जवळ की चाकाची खुर्ची जाईना. आम्ही मोजपट्टीसकट फोटो पाठवला, तर मधला खांब काढला. एवढं जलद काम झालेलं मी सरकारी नोकरीत फार थोड्या वेळा पाहिलंय आणि तसं त्या साहेबांना फोन करून सांगितलंही.

गाड्या थांबतात का? सकाळी वॉर्डन असतो तेव्हा थांबतात. एरवी, आधीपेक्षा जास्त लोक घोळक्याने एका जागी ओलांडतात म्हणून घोळक्याला थांबतात. एकट्याला अजून हात दाखवावाच लागतो.

त्या एमएच्या विद्यार्थ्याला मी मोठ्या उत्साहाने पट्ट्यांबद्दल सांगायला गेले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मॅडम, पट्टे पायाला लागतात का?” नाही लागत. रंग आहे तो. त्याला फुटपाथच्या कडेला उतार हवा, तिथे काठीला कळेल अशा उठावाच्या पिवळ्या फरश्या हव्यात आणि रस्ता त्या जागी फुटपाथच्या उंचीला आलेला हवा. तरच त्याला कळेल की आपण सरळ चाललोय, आणि गाडीलाही चढताना कळेल की इथे काहीतरी आहे. आमच्या मूळ आराखड्यात हे होतंच. मान्य झाले ते पट्टे, उंचवटा नाही.

उंचवटा का नाही, ते साहेबांनी जागेवर येऊन दाखवलं. फुटपाथच्या कडेने पावसाचं पाणी वाहतं, रस्ता तिथे उचलला की पाणी अडतं आणि वरच्या अंगाला तळं साचतं. म्हणजे उंचवट्याच्या आधी दोन्हीकडे जाळीचे चेंबर आणि खालून पाइप. पाइप टाकायचा तर जुनी ड्रेनेजची लाइन किती खोल आहे ते कळायला हवं, आणि तिथली दोन झाकणं मागच्या डांबरीकरणात गाडली गेलीत. नकाशावर आहेत, रस्त्यावर नाहीत. झाकणं सापडली की लेव्हल घ्यायची, मग एस्टिमेट, मग तांत्रिक मान्यता.

उंचवट्यासाठी केलेला आमचा दुसरा अर्ज आता त्या चेंबरपाशी आहे. मुक्ताची शेवटची परीक्षा जवळ आली म्हणून फाइल माझ्याकडे. साहेब पुढच्या महिन्यात निवृत्त होतायत. त्यांनी त्यांच्या जागी येणाऱ्या बाईंचं नाव लिहून दिलंय आणि सांगितलंय की जाताना परिशिष्ट वर ठेवून जा, त्या आधी समाजकल्याणचं काम बघायच्या. झाकणं शोधायला माणूस गुरुवारी येणार आहे, धातुशोधक घेऊन. रिक्षावाले काका म्हणाले, मशीन कशाला, एक झाकण कुठं गाडलंय ते मी दाखवतो, पावसात तिथनंच बुडबुडे येतात.